पाटाची तहान

एकदा एका खोऱ्यात असे झाले, की नदीला पाणी भरपूर होते, बंधारा काठोकाठ भरला होता, आणि तरीही शेवटच्या गावातला गहू पाण्यावाचून उभा होता. कोणी पाणी चोरले नव्हते. कोणी झोपा काढल्या नव्हत्या. उलट त्या वर्षी जेवढी धावपळ झाली, तेवढी त्या खोऱ्याने आधी कधी पाहिली नव्हती. ऐका तर मग, हे कसे झाले ते.

ते खोरे फार शांत होते. सकाळी नदीवर धुके उतरायचे आणि त्यात गावे अशी दिसायची, जणू कोणी दुधात बोट बुडवून काढलेली चित्रे. डोंगराच्या पायथ्याशी दगडी बंधारा, त्याच्या कुशीतून निघालेला मातीचा पाट, आणि त्या पाटाच्या काठाने एकामागून एक सहा गावे. चार कोसांची वाट. पाट थोडा वळत, थोडा रेंगाळत जायचा. बंधाऱ्याचे दार उघडले, की पाण्याची पाळी एकेका गावाला मिळत जायची आणि आठव्या दिवशी पाणी शेवटच्या गावात पोचायचे. वर्षानुवर्षे आठव्याच दिवशी. त्या गावातल्या बाया पाण्याच्या दिवसावरून माहेरी जायचे दिवस ठरवत.

या सगळ्याची व्यवस्था राजाच्या पाणीखात्याकडे होती. खात्यात सहा पाटकरी. प्रत्येकाकडे पाटाचा एक पट्टा. पाणी सोडणे, शेताची दारे धरणे, बांध राखणे, फुटले तर लिंपणे, आपल्या पट्ट्यात सगळे त्यानेच करायचे. त्यांची एक रीत होती, ती लक्षात ठेवा. पाटकरी पायात वहाण घालत नसे. भर दुपारी, बांध तापलेला असताना, तो बांधाच्या बाहेरच्या अंगाने अनवाणी चालायचा. चालता चालता जिथे तळपायाला गारवा लागेल, तिथे थांबायचे. कारण तिथे आतून पाणी झिरपते आहे. खेकड्याने बीळ केले आहे. डोळ्यांना ते बीळ दोन दिवसांनी दिसते, बांध खचल्यावर. पायाला आजच कळते. आणि नवा पाटकरी आला, की त्याने एक वर्ष जुन्याच्या मागे मागे चालायचे, मगच त्याला पट्टा मिळायचा.

या खात्याचा कारभार सत्तावीस वर्षे एका वृद्धाने पाहिला होता. त्याला सगळे बाबाच म्हणत. थकल्यावर त्याने राजाकडे जाऊन कारभाराचा शिक्का परत दिला आणि बंधाऱ्याजवळच्या झोपडीत राहू लागला. त्याच्या जागी राजाने बाबांचाच एक शिष्य नेमला. शिष्य बुद्धिमान, निर्मळ मनाचा, कष्टाळू. बाबांच्या पायाशी बसून सहा वर्षे शिकलेला. नकाशा तर असा काढायचा, की पाहणाऱ्याला कागदावर पाणी वाहताना दिसावे.

शिष्याने कारभार हाती घेतला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या मनाला एक गोष्ट टोचू लागली. शेवटच्या गावाने आठ दिवस का थांबावे? सहा दिवसांत पाणी का पोचू नये? हेतू चांगलाच होता, बरं का. वाईट हेतूने बिघडवणारी माणसे जगात थोडी असतात.

त्याने पाटकऱ्यांना बोलावले. म्हणाला, "एकच माणूस दहा कामे करतो, म्हणून उशीर होतो. आजपासून पट्टे नाहीत. तुमच्यापैकी दोघे फक्त पाणी वाटतील, दोघे फक्त बांध राखतील, दोघे फक्त दुरुस्ती करतील. वाटप, राखण आणि दुरुस्ती, अशी तीन खाती."

पाटकऱ्यांत सगळ्यांत म्हातारा होता सुपडू. चौथ्या आणि पाचव्या गावामधला पट्टा त्याचा. त्याचा बापही तोच पट्टा राखत असे. सुपडूने डोक्यावरचे मुंडासे काढले, पुन्हा घातले आणि विचारले, "कारभारी, मी कोण झालो?"

"तू राखणखात्यात."

"बरं. म्हणजे बघायचं."

"हो, बघायचं आणि कळवायचं."

सुपडू बघू लागला. चौथ्या दिवशी दुपारी त्याच्या पायाला गारवा लागला. खाली वाकून पाहिले, तर मुठीएवढे बीळ. एरवी त्याने मांडी घालून, काळी माती आणि गवताचा बोळा कोंबून, टाच मारून ते घटकाभरात बुजवले असते. पण बुजवणे आता दुरुस्तीखात्याचे काम. दुरुस्तीवाला होता दीड कोस मागे. सुपडू त्याच्याकडे चालत गेला, दोघे चालत परत आले. तोवर बिळाचे खिंडार झाले होते आणि शेजारच्या हरभऱ्यात गुडघाभर पाणी साचले होते.

हरभऱ्याचा मालक कपाळ बडवत म्हणाला, "सुपडूदादा, तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं," सुपडू म्हणाला. "मी तुझं शेत बुडताना फार नीट पाहिलं. माझ्या कामात काही कसूर नाही."

त्या पाळीला शेवटच्या गावात पाणी अकराव्या दिवशी पोचले.

शिष्याला वाटले, खाती बरोबर आहेत, पण माणसे आपापल्या जागी चिकटून बसली आहेत. म्हणून त्याने दुसरी रचना केली. पट्टे परत आणले, पण दर आठवड्याला माणूस बदलायचा. वरचा खाली, खालचा वर. कोणाची कोणाशी जवळीक नको, कोणाला झुकते माप नको. सुपडू रोज सकाळी भाकरी बांधून घेताना बायकोला विचारू लागला, "अगं, आज मी कुठल्या गावचा?" तीही कमी नव्हती. ती म्हणायची, "संध्याकाळी याच घरी या म्हणजे झालं. तेवढी जागा अजून बदललेली नाही."

हसण्यावारी चालले होते, पण पायाचे काय? बांधाचा कोणता भाग मुळातच गार असतो, कुठे झाडाची सावली पडून माती निवते आणि कुठे खरोखर झिरपते, हे पायाला शिकायला वर्ष लागते. आठवड्यात पाय फक्त भाजतात. पाणी तेराव्या दिवशी पोचले.

मग शिष्याने नकाशा उघडला. रात्रंदिवस त्याच्यापुढे तो वळणावळणाचा पाट होता. त्याने पट्टी ठेवली आणि बंधाऱ्यापासून शेवटच्या गावापर्यंत एक सरळ रेघ ओढली. दोष माणसांत नाही, खात्यांत नाही, पाटातच आहे! एवढी वळणे कशाला? महिनाभर शेकडो माणसे खपली आणि सरळ पाट खणून झाला. जुन्या पाटाचे तोंड दगडांनी बंद केले. मोठ्या थाटात नव्या पाटात पाणी सोडले. एक दिवस झाला, दोन झाले, चार झाले, पाणी अर्ध्या वाटेवरच. पाचव्या दिवशी शिष्याने घाबरून दार बंद केले आणि काय चुकले याचा विचार करायला तो पुन्हा कागदाकडे वळला.

असे पंधरा दिवस गेले. पौष महिना संपत आला. शिष्य चौथा आदेश लिहीत बसला होता. अर्धे पाणी नव्या पाटाला, अर्धे जुन्या पाटाला, आणि सहाही पाटकऱ्यांना घरी पाठवून शहरातून नवी माणसे. शेवटची ओळ लिहायची तेवढी राहिली होती. इतक्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते.

ती होती शेवटच्या गावची दगूबाई. तिच्या गावाचा एक मान होता. साऱ्या खोऱ्याच्या पेरणीचा गहू तिथेच पिकायचा. ती माती तशीच होती. वरच्या पाच गावांत गहू खाण्यापुरता चांगला यायचा, पण पुढच्या सालच्या बियाण्याला दाणा हवा तो शेवटच्या गावचाच. दगूबाई बियाणे निवडून देणारी. तिच्या हातातून गेल्याशिवाय खोऱ्यात कोणी मूठ टाकत नसे.

तिने पदराच्या गाठीतून गव्हाची एक ओंबी काढली आणि शिष्यापुढच्या कागदावर ठेवली.

"दाबून बघा, कारभारीदादा."

शिष्याने दाणा नखाने दाबला. पांढरा थेंब आला.

"दुधात आहे," दगूबाई म्हणाली. "आजपासून आठ दिवसांत पाणी मिळालं, तर दाणा भरेल. नाही मिळालं, तर सुरकुतेल. सुरकुतलेला दाणा दळून खाता येतो, पेरता येत नाही. आमचं एक साल गेलं तर आम्ही सोसू. पण बी गेलं तर पुढच्या साली सहाही गावं मोकळं रान बघत बसतील. एवढंच सांगायला आले."

"मी काय कमी प्रयत्न करतोय का?" शिष्याने कागदावर बोट ठेवले. "हा बघ, चौथा आदेश तयार आहे. यात सगळं नव्यानं मांडलंय."

दगूबाईने त्या कागदाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "दादा, मला वाचता येत नाही. पण याच्याआधीचे तीनही असेच दिसत होते."

ती निघून गेली. शिष्याने ओंबी त्याच आदेशाच्या कागदात गुंडाळली आणि तसाच बाबांच्या झोपडीकडे निघाला. ऊन कलले होते. बंधाऱ्यावर बगळे एका पायावर उभे राहून स्वप्नात असल्यासारखे दिसत होते. बाबा अंगणात चिंचेखाली डोळे मिटून बसले होते.

शिष्याने सगळे सांगितले. तीन रचना, चौथा आदेश, दगूबाईची ओंबी. शेवटी म्हणाला, "बाबा, आशीर्वाद द्या. नाहीतर जुना पाट पुन्हा उघडायला सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

बाबांनी आदेशही वाचला नाही आणि आशीर्वादही दिला नाही. ते म्हणाले, "उद्या सूर्य उगवताना नव्या पाटाचं दार उघड. वहाणा इथं ठेव. नकाशा इथं ठेव. आणि पाटाच्या कोरड्या तळातून पाण्याबरोबर चाल. पाण्याचं तोंड जिथं असेल तिथं तुझं पाऊल. त्याच्या पुढं जायचं नाही, मागं राहायचं नाही. दुसरं काही करायचं नाही."

"बाबा, आठच दिवस आहेत! आणि मी त्यातला एक दिवस चालण्यात घालवू?"

बाबांनी पुन्हा डोळे मिटले. शिष्याला या सांगण्याचा अर्थ कळेना. पण सहा वर्षे ज्याचे ऐकले त्याचे आणखी एक दिवस ऐकावे, असे त्याने ठरवले.

पहाटेच्या धुक्यात दार उचलले गेले. पाणी आले, त्याच्या पायांना शिवले आणि पुढे निघाले. तोही निघाला. किती विलक्षण होते ते! पाण्याच्या तोंडाशी फेसाची एक बारीक कड, तिच्यावर काडीकचरा, वाळकी पाने, मुंग्यांची फुटलेली रांग. पुढे भेगांमधून नाकतोडे उड्या मारत बाहेर पडत होते आणि दोन्ही काठांनी साळुंक्या त्यांच्यासाठी टुणटुण चालत होत्या. धुके इतके दाट होते, की मागचे दिसत नव्हते, पुढचेही दिसत नव्हते. होते ते फक्त पाणी आणि पाऊल. मनातले नकाशे एकेक करून मिटत गेले. आपण चालतो आहोत की पाणी आपल्याला चालवते आहे, हेही त्याला कळेनासे झाले.

पहिले गाव गेले. दुसरे गेले. पाणी झपाझप चालले होते. तिसरे गाव मागे पडले तेव्हा धुके विरून ऊन पडले होते. शिष्य मनात म्हणाला, अरे, हे तर जुन्या पाटापेक्षाही जलद आहे! मग बिघडते कुठे?

आणि तिथेच, चौथ्या गावाच्या अलीकडे, पाण्याची चाल मोडली. आधी ते रेंगाळले. मग मुंगीच्या पावलाने सरकू लागले. मग फेसाची कड एका जागी थरथरत उभी राहिली. शिष्यही उभा राहिला. मागून पाणी येतच होते, पण पुढे एक वीतही जात नव्हते. तेव्हा त्याच्या कानावर एक आवाज आला. फार बारीक आवाज होता तो, तान्हे मूल झोपेत चुटचुट दूध पिते तसा. त्याने खाली वाकून पाहिले. तळातल्या मातीच्या प्रत्येक भेगेतून बुडबुडे येत होते. माती पाणी पीत होती.

काठावरच्या करंजाच्या सावलीत बाबा बसले होते. शेजारी सुपडू.

"बाबा! तुम्ही इथं? पाणी इथंच थांबणार हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला नव्हतं ठाऊक," बाबा म्हणाले. "सुपडूला विचारलं. त्यानं जागा दाखवली."

सुपडू म्हणाला, "मागच्या खेपेला तुम्ही दार बंद केलंत, तेव्हा पाणी इथवर आलं होतं, कारभारी. इथपर्यंतची माती पिऊन तृप्त होती, ती आज वाटेत आली नाही. इथून पुढची अजून उपाशी आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्या आठवड्यात मी पहिल्या गावाला होतो. हा भाग माझा नव्हता."

शिष्य पाण्यात मटकन बसला. बाबा काठावरून हळूहळू खाली उतरले, त्याच्याजवळ आले आणि ओल्या मातीवर त्यांनी हात ठेवला.

"बाळा, कोणताही पाट खण, वाकडा खण की सरळ, शेताला पाणी देण्याआधी तो स्वतः पितो. हा त्याचा दोष नाही. मातीचा धर्मच तो आहे. ज्या दिवशी तो प्यायचा थांबतो त्या दिवसापासून तो पाट होतो, तोवर ती नुसती चर असते. माणसांचंही तसंच. नवी जागा दिली, नवं नाव दिलं, की आधी त्यांचे दिवस त्या जागेलाच पाजावे लागतात. कोणाला विचारायचं, कोणाचं ऐकायचं, पाय कुठं ठेवायचा, यातच त्यांचं बळ मुरतं. ते वाया गेलं असं वरून बघणाऱ्याला वाटतं. वाया गेलेलं नसतं ते, मुरत असतं. पण तू दर वेळी नेमका तहान भागत आली असताना दार लावलंस आणि दुसरीकडं नवी चर खणलीस. या साली आपल्या नदीचं पाणी कुठं गेलं म्हणतोस? ते तुझ्या बदलांनी प्यालं."

शिष्याने एका भेगेवर तळहात ठेवला. बोटांमधून बुडबुडे वर येत राहिले.

शिष्य म्हणाला, "समजलं, बाबा. मी चुकलो. आजच जुना पाट उघडतो. त्याची तहान तर कधीच भागलेली होती."

बाबांनी मान हलवली. "दीड महिना झाला तो कोरडा आहे. चालून बघ त्यातून, तळहात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. तोही आता पहिल्यापासून पिईल. मागं जाणं हाही एक बदलच असतो."

"मग करू तरी काय?"

"हाच पाट ठेव. दार उघडं ठेव. ज्याचा पट्टा त्याला दे, पुन्हा काढून घेऊ नकोस. आणि मग सगळ्यात अवघड काम कर. थांब."

शिष्याने नजर वर केली. "बाबा, तुम्ही सत्तावीस वर्षं काहीच बदललं नाहीत. तुम्हाला थांबणं सोपं होतं."

बाबा हसले. "जुना पाट वळणाचा का होता, ते कधी विचारलंस? माझ्या आधी तो सरळच होता. मध्ये खडक होता, तिथं पाट दर पावसाळ्यात फुटायचा. तुझी रेघ त्या खडकाला टाळून गेली आहे. मी वळवला. बदल करायलाच हवा होता. पण त्या साली शेवटच्या गावानं माझ्यापायी गहू पाहिला नाही, हेही खरं. मला ते ठाऊक होतं, म्हणून आदल्या साली मी त्यांच्या बियाण्याची सोय करून ठेवली होती. बदलाची तहान आधी मोजावी लागते, बाळा. मी एकदाच मोजली. पुन्हा ते धाडस झालं नाही."

शिष्याने कमरेचा कागद काढला. ओंबी बाहेर काढून कानामागे खोचली आणि चौथा आदेश बाबांच्या हाती दिला. बाबांनी तो न वाचताच घडी घालून सुपडूकडे दिला. सुपडूला अक्षर येत नव्हते. त्याने तो मुंडाशात खोचला.

मग थांबणे सुरू झाले. त्या खेपेला वरच्या गावांनी आपली पाळी सोडून पाणी पुढे जाऊ दिले. दुसरा दिवस गेला, पाणी चौथ्या गावाला शिवले. तिसऱ्या दिवशी थोडे पुढे सरकले. चौथ्या दिवशी एका मुरमाड पट्ट्यावर आले आणि थबकले. सकाळ गेली, दुपार गेली. शिष्याच्या कानामागची ओंबी वाळून खडखडू लागली होती. त्याला वाटले, हा मुरूम सगळी नदी पिऊन टाकील. वळसा खणावा का? दार लावून खणले, तर एक दिवसाचे काम! तो जवळजवळ धावतच बंधाऱ्याकडे गेला. दाराच्या दांड्यावर त्याने हात ठेवला. लाकूड ओले आणि गार होते. खाली पाणी एकसारखे, न थकता, कोणाला काही न विचारता वाहत होते. त्याला त्या पहाटेचे धुके आठवले. ती चुटचुट आठवली. हात किती वेळ तिथे होता कोण जाणे. मग त्याने तो उचलून घेतला.

परत आला तर मुरमाड पट्ट्यावर गलका चाललेला. पाटाच्या तळात काळ्या मातीचे ढीग पडले होते आणि बारा म्हशी त्यातून खाली-वर, खाली-वर चालत होत्या. सुपडू मधोमध उभा, मांड्यांपर्यंत चिखल, हातात काठी. "अगं चल की चांदी, माहेरी आली आहेस का? नीट पाय टाक!"

"सुपडू, हे काय चाललंय?"

"मुरूम प्यायचा थांबत नाही, तर त्याचं तोंड लिंपतोय, कारभारी. काळी माती टाकून म्हशींकडून तुडवली, की तळ धरतो. माझा बाप असंच करायचा."

"म्हशी कोणाच्या?"

"माझ्या मेव्हण्याच्या. तो तिकडं शिव्या घालतोय, त्याच्याकडं बघू नका."

"आणि हे कोणाच्या आदेशानं?"

सुपडूने काठी खाली टेकवली आणि खरोखरच न कळल्यासारखे विचारले, "आदेश कसला? पट्टा माझा आहे ना?"

शिष्याने धोतर वर खोचले आणि तो म्हशींच्या मागे चिखलात उतरला.

पाचव्या दिवशी तळ धरला. सहाव्या दिवशी पाणी पाचवे गाव ओलांडून गेले. सातव्या दिवशी, उन्हे सोनेरी होत असताना, दगूबाई आपल्या बांधावर बसली होती. आधी तिला साळुंक्या दिसल्या. त्या पाटाच्या काठाने टुणटुण येत होत्या. तिने पदर सावरला, उठली आणि शेताचे दार धरायला खाली उतरली. पाण्याबरोबर एक माणूस चालत आला होता, अनवाणी, चिखलाने माखलेला. तिने त्याला ओळखलेच नाही. म्हणाली, "बाजूला हो रे भाऊ, पाणी येऊ दे." आणि तो मुकाट्याने बाजूला झाला.

दाणा भरला. सगळाच नाही, कडेचे दोन वाफे सुरकुतले. पण पेरणीपुरते बी झाले.

त्या वर्षाच्या अखेरीस राजाकडून विचारणा आली, की येत्या साली पाणीखात्यात कोणती नवी रचना करणार आहात, ते कळवावे. शिष्याने उत्तर लिहायला कागद शोधला. दगूबाईने पाठवलेले मूठभर बियाणे त्याच्यापुढे होते. ते ज्या कागदात बांधले होते, तो सुपडूच्या मुंडाशातून तिच्यापर्यंत पोचलेला चौथा आदेश होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर शिष्याने लिहिले, "पाट तोच. माणसे तीच. सगळ्या गावांची पाळी धरून पाणी आता नवव्या दिवशी पोचते. पुढच्या साली आठव्या दिवशी पोचेल, असे पाटकरी म्हणतात."

आणि खरोखर पुढच्या साली आठव्या दिवशी पोचले. त्याच्या पुढच्या साली सातव्या.

कोणाच्या हाती चार माणसांचा कारभार आला असेल, त्याने नवे दार उघडण्याआधी एवढेच पाहावे, की मागच्या बदलाची तहान भागली आहे की नाही.

त्या सातव्या दिवसाच्या साली, माघातल्या एका दुपारी, शिष्य सुपडूच्या मागे मागे बांधावरून चालला होता. ऊन तापले होते. खोरे पेंगत होते, बगळेही हलत नव्हते. चालता चालता शिष्य एकाएकी थांबला. एक पाऊल मागे घेतले, पुन्हा तिथेच टेकवले. तळपायाला गारवा लागत होता.

सुपडू दहा पावले पुढे गेला होता. तो वळला, शिष्याच्या पायाकडे बघत राहिला, मग हळूच हसला.

"बसा, कारभारी," तो म्हणाला. "काळी माती मी आणतो."